सायकलला कॅरिअर घेताना: वजन कुठे टेकतं ते आधी बघा

गिअरच्या सायकली आल्या आणि सायकलमागचं कॅरिअर गेलं. पूर्वीच्या काळ्या, उंच सायकलला ते वेगळं मागावं लागत नसे. स्टँड, मडगार्ड, घंटी यांच्याबरोबर ते यायचंच. आता महागडी सायकलसुद्धा बोडकी येते. मग ऑफिसची बॅग पाठीवर आणि भाजीची पिशवी हँडलला. पाठ घामाने चिंब होते, खांदे दुखतात आणि हँडलची पिशवी एखाद्या वळणावर पुढच्या स्पोकमध्ये शिरायला बघते. रोज सायकल वापरणाऱ्याने दिव्यांनंतर पहिला खर्च कॅरिअरवर करावा, असं माझं ठाम मत आहे.

पण कॅरिअर दिसायला चांगलं आहे किंवा स्वस्त मिळतंय म्हणून उचलायची गोष्ट नाही. निवड करायची असते ती आपल्या सायकलच्या फ्रेमकडे बघून, आणि फ्रेमकडे बघताना एकच प्रश्न विचारायचा: या सामानाचं वजन शेवटी कशावर टेकणार आहे?

जुन्या कॅरिअरची ताकद कशात होती

गोव्यात पाव घेऊन फिरणारा पोदेर बघा. मागे भलीमोठी टोपली, तिच्यावर प्लॅस्टिकचं कापड, हँडलला भोंगा. किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगून जाणारा दूधवाला. त्यांची कॅरिअर जाड लोखंडाची असतात हे खरंच, पण त्यांची निम्मी ताकद लोखंडात नसून बसवण्यात आहे. कॅरिअरचे पाय खाली थेट मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, नटाखाली बसतात. भार पायांतून एक्सलवर, एक्सलवरून चाकात आणि चाकातून जमिनीत जातो. वरचा जोड फक्त कॅरिअर मागे कलू नये यासाठी असतो. शिवाय त्या 28 इंची सायकलच्या मागच्या चाकाला 40 स्पोक असतात, पुढच्याला 32.

आजच्या बऱ्याच सायकलींना नटवाल्या एक्सलच्या जागी क्विक रिलीज (खटका उघडून चाक काढता येतं असा) किंवा थ्रू-एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस) असतो, त्यामुळे पाय तिथे नेहमीच्या पद्धतीने बसत नाहीत. ते टेकतात फ्रेमला स्क्रू होणाऱ्या दोन बोल्टांवर. बोल्टाची जाडी फक्त 5 मिलिमीटर. सामान 20 किलो असेल तर खड्ड्यातून जाताना त्या दोन बोल्टांना त्याच्या कितीतरी पट झटका बसतो. घट्ट बसलेला 5 मिमीचा बोल्ट तो झटका सोसतो. सैल झालेला मात्र प्रत्येक हादऱ्याला थोडा थोडा वाकतो आणि एक दिवस डोक्यापाशी तुटतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी याच एका कारणासाठी आहेत.

आधी सामान वजनकाट्यावर ठेवा

अंदाज करू नका, वजन करा. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली आणि रेनकोट मिळून चार ते सहा किलो सहज भरतं. आठवड्याची भाजी, धान्य आणि वर एखादं कलिंगड म्हटलं की दहा-बारा. पाण्याचा 20 लिटरचा जार म्हणजे 20 किलो पाणी, जार वेगळा. तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, स्टोव्ह घेऊन पुण्याहून कोकणात उतरायचं तर पंधरा किलोच्या आत राहायला शिस्त लागते.

घरगुती गॅस सिलिंडरची गोष्ट मुद्दाम सांगतो. आत 14.2 किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन जवळपास तेवढंच किंवा थोडं जास्त. भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास जातो. बाजारातल्या बहुतेक ॲल्युमिनियम कॅरिअरची मर्यादा 25 किलो असते. म्हणजे सिलिंडर त्यावर न्यायचा नाही, मग घर कितीही जवळ असो.

डबलसीटचंही तसंच. लोखंडी कॅरिअरवर माणूस बसवायची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे, पण 25 किलोच्या कॅरिअरवर मोठं माणूस बसवणं धोक्याचं आहे. लहान मुलासाठी वेगळी सीट मिळते. ती कॅरिअरवर बसणारी असेल तर कॅरिअरवर 25 किंवा 27 किलो छापलेलं असायला हवं आणि ते चाइल्ड सीटला चालतं असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

वजन कळलं की त्यात चौथाई भर घालून कॅरिअर शोधा. मर्यादा कॅरिअरच्या नळीवर किंवा मागच्या पट्टीवर कोरलेली वा छापलेली असते. सायकल-कॅरिअरसाठी आयएसओ 11243 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा उल्लेख दिसला तर उत्तम. ज्यावर कुठेच आकडा नाही ते कॅरिअर मी घेत नाही. आणि कॅरिअरची मर्यादा ही सायकलची मर्यादा नव्हे. सायकलच्या पुस्तिकेत चालवणारा आणि सामान मिळून किती वजन चालेल ते दिलेलं असतं, तेही तपासा.

आता सायकल उजेडात घ्या

सायकल स्टँडवर लावा आणि मागच्या बाजूला उकिडवे बसा. मागचं चाक ज्या खाचेत बसतं तिला ड्रॉपआउट म्हणतात. तिच्या वर किंवा मागे आटे पाडलेलं एक छोटं भोक दिसतं का? दोन्ही बाजूंना आहे का? मग सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्या बघा. त्यांच्या वरच्या टोकाशी, ब्रेकच्या आसपास, आणखी दोन भोकं असतात. कधी त्यांत रंग किंवा प्लॅस्टिकचं बूच भरलेलं असतं, म्हणून नखाने खरवडून बघा. चारही भोकं असली तर तुमचं काम सोपं झालं, जवळपास कुठलंही चांगलं कॅरिअर बसेल. ही भोकं बहुधा एम5, म्हणजे 5 मिमीच्या बोल्टच्या मापाची असतात, त्यांना 4 मिमीची ॲलन की लागते.

खालची दोन आहेत आणि वरची नाहीत, ही स्थिती खूप सायकलींवर दिसते. त्यावर सोपा उपाय म्हणजे सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आवळणारी कडी बदलून कॅरिअरसाठी भोकं असलेली कडी बसवणं. फक्त सीटपोस्टची नव्हे, फ्रेमच्या नळीची बाहेरची जाडी मोजून घ्या, कारण कडी फ्रेमवर बसते.

खालची भोकंच नसतील तर विचार करावा लागतो. आतून रबर लावलेल्या क्लिपा नळीला आवळून त्यांवर कॅरिअर टेकवता येतं. डबा आणि लॅपटॉप एवढ्याला ते चालतं. क्लिप नळीच्या जाडीची हवी, ढिली क्लिप आवळून बसवली तरी घाटात ती खाली सरकते. जड सामानासाठी याहून चांगला मार्ग म्हणजे खास कॅरिअरसाठी बनवलेला एक्सल किंवा थ्रू-एक्सल. त्याच्या दोन टोकांवर कॅरिअरचे पाय बसतात. हा महाग पडतो, पण वजन पुन्हा एक्सलवर जातं, म्हणजे पोदेराच्या सायकलचंच तत्त्व. फ्रेम कार्बनची असेल तर क्लिपा अजिबात नकोत. तिथे निर्मात्याने भोकं दिली असतील तरच कॅरिअर.

मग डिस्क ब्रेक. त्याचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, कुठे बसवलाय ते बघा. वरच्या तिरक्या नळीवर, बाहेरच्या बाजूला असेल तर साध्या कॅरिअरचा डावा पाय नेमका त्याला धडकतो. अशा सायकलसाठी डिस्कवालं कॅरिअर घ्यावं लागतं, त्याचा पाय बाहेर वळवलेला असतो किंवा सोबत जाड स्पेसर येतात. एकावर एक वॉशर रचून पाय बाहेर ढकलायचा जुगाड मेकॅनिक सुचवतात. तो मान्य करू नका. बोल्ट जेवढा फ्रेमपासून दूर लोंबेल तेवढा त्याच्यावर वाकवणारा जोर वाढतो. कॅलिपर खालच्या आडव्या नळीवर, त्रिकोणाच्या आत असेल तर ही कटकटच नाही.

चाकाचं माप टायरवर लिहिलेलं असतं: 26, 27.5, 29 इंच किंवा 700सी. बरीचशी कॅरिअर 26 ते 29 सगळ्यांना बसतात असं लिहिलेलं असतं, पण रुंद टायर आणि वर मडगार्ड असेल तर मोजूनच घ्या. टायर आणि कॅरिअर यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहायला हवेत. ज्या सायकलला मागेही सस्पेन्शन आहे तिच्यावर साधं कॅरिअर बसत नाही.

कोणत्या प्रकारचं

मागचं, चार जागी बसणारं कॅरिअर ही बहुतेकांची योग्य निवड. बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो.

सीटपोस्टला आवळायचं कॅरिअर पाच मिनिटांत बसतं म्हणून खूप खपतं. त्याला खाली आधार नसतो. सगळं वजन एका पकडीवर लोंबतं, आणि वळणावर ती पकड सीटपोस्टभोवती फिरते. त्याची मर्यादा साधारण 7 ते 10 किलो असते, पण आपल्या गतिरोधकांवर मी पाचच्या वर जाणार नाही. कार्बनच्या सीटपोस्टवर ते कधीच नको.

पुढची बास्केट शाळा-कॉलेजला आणि बाजाराला छान. हँडलबरोबर खाली पुढच्या एक्सलवरही टेकणारी घ्या, फक्त हँडलला लटकणारी नको. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बसणारं लो-रायडर कॅरिअर लांबच्या प्रवासात फार कामाचं आहे. मागचा भार वाटून जातो आणि चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं होत नाही. त्यासाठी सस्पेन्शन नसलेला, कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि त्यावर भोकं हवीत.

लोखंड की ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियमचं कॅरिअर 600 ते 900 ग्रॅमचं असतं, गंजत नाही आणि शहरात रोजच्या वापराला पुरतं. त्याचा दोष असा की पुन्हा पुन्हा हादरे बसून धातू आतून थकत जातो आणि वेल्डच्या कडेला बारीक चीर पडते. ती दुरुस्त करायला आर्गॉन वेल्डिंग लागतं, आणि ते गावोगावी मिळत नाही.

पोलादी नळीचं कॅरिअर, त्यातही क्रोमोली या मिश्र पोलादाचं, हादरे जास्त सोसतं. तुटलं तरी रस्त्याकडेच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तात्पुरतं जोडून मिळतं. जर्मनीच्या ट्यूबस कंपनीचं कार्गो हे अशा कॅरिअरचं प्रसिद्ध उदाहरण. नळी फक्त 10 मिमीची आणि मर्यादा 40 किलो. आपल्याकडे ते मागवावं लागतं आणि किंमतही तशीच. तैवानच्या टोपीककडे आणि डिकॅथलॉनमध्ये ॲल्युमिनियमची बरी कॅरिअर मिळतात. नर्मदा परिक्रमा किंवा महिनाभराची सफर डोक्यात असेल तर पोलाद घ्या. ऑफिस आणि मंडईसाठी ॲल्युमिनियम पुरेसं आहे. कोकणात राहणाऱ्यांनी पोलादावर ओरखडा पडला की लगेच रंगाचा हात फिरवावा, खारी हवा तिथूनच आत शिरते.

गल्लीतल्या दुकानात मिळणारी लोखंडी सळीची, वर स्प्रिंगचा चाप असलेली कॅरिअर मी नाकारत नाही. सायकलला नटवाला एक्सल असेल तर ती स्वस्तात उत्तम काम करतात. जड असतात एवढंच.

टाच आणि पिशवी

कॅरिअरवर नुसतं सामान बांधायचं की बाजूला पॅनिअर, म्हणजे अडकवायच्या पिशव्या लावायच्या, हे आधी ठरवा. पॅनिअर लावायच्या असतील तर कॅरिअरच्या बाजूला चौकट हवी. चौकट नसली की पिशवीचा खालचा भाग आत झुकतो आणि स्पोकला लागतो. पिशवीचा हुक आणि कॅरिअरची नळी यांची मापं जुळायला हवीत. बहुतेक हुक 8 ते 16 मिमीच्या नळीला बसतात, आणि नळी बारीक असेल तर हुकात घालायचे प्लॅस्टिकचे तुकडे सोबत येतात. ते घातले नाहीत तर पिशवी दिवसभर खडखडत राहते. ज्या कॅरिअरला पिशवीसाठी वेगळी, खालची नळी असते ते शक्य असेल तर घ्या. वजन खाली जातं आणि वरची जागा मोकळी राहते.

टाचेची चाचणी दुकानातच करा. पिशवी अडकवा, रोजचे बूट घालून सीटवर बसा आणि दुकानदाराला सायकल धरायला सांगून पेडल उलटं फिरवा. पेडल सगळ्यात मागे येतं तेव्हा टाच आणि पिशवी यांत दोन बोटं तरी जायला हवीत. रेसिंग पद्धतीच्या सायकलींत पेडलच्या आसापासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी 410 मिमीच्या आसपास असते, टूरिंग सायकलींत 440 ते 460. त्या तीन-चार सेंटिमीटरांनी सगळा फरक पडतो. टाच लागत असेल तर पिशवी मागे सरकवा, नाहीतर मागे झुकलेल्या चौकटीचं कॅरिअर बघा. पण पिशवी फार मागे नेली की वजन एक्सलच्या मागे लोंबतं आणि सायकल शेपटी हलवल्यासारखी डुलते. तेव्हा लहान पिशवी घेणं जास्त शहाणपणाचं.

पावसाळ्यात चालवणार असाल तर वर सलग पट्टी असलेलं कॅरिअर बघा, पाठीवर उडणारा चिखल बराच थांबतो. आणि मागे दिव्यासाठी पट्टी आहे का तेही पाहा. सामान बांधलं की सीटपोस्टचा लाल दिवा झाकला जातो. मग अंधारात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

बसवताना

दुकानात बसवून घेतलंत तरी जवळ उभे राहा.

आटे आधी साफ करा. रंग भरलेला असेल तर एम5 टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्या. बोल्ट हाताने चार-पाच वेढे सहज जायला हवा. अडत असेल आणि पान्याने रेटला तर आटे गेलेच, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये गेलेले आटे परत आणणं महागात पडतं.

चारही बोल्ट आधी सैल लावा. कॅरिअर जमिनीला समांतर करा, मागचं टोक किंचित वर चाललं तरी मागे उतार नको. मग खालचे दोन घट्ट करा, मग वरचे. वरच्या पट्ट्या वाकवायच्या असतील तर एकदाच विचार करून वाकवा. इकडे-तिकडे दोनदा वाकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी तिथेच तडकते.

एकाच भोकात कॅरिअर आणि मडगार्ड दोन्ही बसवायचे असतील तर कॅरिअर आत, फ्रेमला चिकटून, आणि मडगार्डची तार त्याच्या बाहेर. बऱ्याच ठिकाणी हे उलटं केलेलं दिसतं. जड वस्तू फ्रेमपासून जितकी जवळ तितका बोल्टवर जोर कमी.

उजव्या बाजूच्या खालच्या बोल्टकडे नीट लक्ष द्या. तो लांब झाला तर आतून टोक बाहेर येतं आणि सगळ्यात लहान चकतीवरच्या चेनला लागतं. बसवून झाल्यावर मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर टाका, चाक उचलून पेडल फिरवा आणि कान देऊन ऐका. टिक-टिक आवाज आला तर बोल्ट बदला किंवा घासून आखूड करा. चेन आणि टोक यांत दोन-तीन मिमी अंतर हवं. डाव्या बाजूला ही अडचण नाही, तिथे बोल्टचं टोक आतल्या बाजूने थोडं बाहेर काढून त्यावर नायलॉनवाला नट चढवता येतो.

बोल्ट स्टेनलेसचे, खाली वॉशर, आणि आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. साधारण 5 न्यूटन-मीटर एवढं आवळलं की पुरे.

सामान भरताना आणि नंतर

जड वस्तू खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंना वजन जवळपास सारखं. एकच पिशवी असेल तर ती आपण सायकलवरून उतरतो त्याच्या विरुद्ध बाजूला लावा, उतरताना पाय अडकत नाही. मागच्या टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. उतारावर ब्रेक लवकर धरायला सुरुवात करा. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना मागचे पंधरा किलो तुम्हाला पुढे ढकलत असतात.

हुकवाल्या रबरी दोऱ्यांपासून सावध राहा. त्या हादऱ्याने सुटतात आणि हुक स्पोकमध्ये गेला की चाक जागच्या जागी थांबतं. बकलचे पट्टे वापरा. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्याही उत्तम असतात, सायकलच्या दुकानात बहुधा फुकट मिळतात. पट्ट्याचं मोकळं टोक आत खोचून टाका.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा तपासा, नवीन कॅरिअर थोडं बसतं आणि बोल्ट ढिले होतात. पुढे महिन्यातून एकदा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅरिअरच्या पट्टीवर येईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, दरवेळी पाना लावून बघायला नको. वेल्डच्या जागा ओल्या फडक्याने पुसून बघा. चिरेत घाण भरून ती काळ्या केसासारखी दिसते. तशी रेघ पुसूनही जात नसेल तर ते कॅरिअर सामानासाठी वापरायचं थांबवा.

लांब जाताना एम5चे दोन जादा बोल्ट सोबत ठेवा. ते नसतानाच घाटात बोल्ट पडला तर पाण्याच्या बाटलीचा स्टँड उघडा. तोही बहुतेक सायकलींवर एम5 बोल्टांनीच बसवलेला असतो, आणि दोन बोल्टांपैकी एक काढला तरी बाटली गावापर्यंत जागेवर राहते.